पिटहेवनच्या कोळणीची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, गोल्फची. माझ्या लोखंडी तोंडाला गंज चढला आहे, मानेपाशी मेणाच्या दोऱ्याचे वेढे आहेत आणि मुठीवरचं कातडं तीनदा बदललेलं आहे. तरीही मला बिचारी म्हणू नका. बिचाऱ्या त्या, ज्या मऊ पिशवीत जन्म काढतात आणि ज्यांना कधी वाळूचा कणही लागत नाही. मी भरपूर खेळले आहे. जिंकले आहे, हरले आहे, आणि एकदा ऐन वेळी दगाही दिला आहे. तेही सांगणार आहे.

माझा जन्म पिटहेवनचा. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर एबेन इम्री नावाचा लोहार होता. होड्यांचे नांगर, पिंपांच्या पट्ट्या, घोड्यांचे नाल हे त्याचं रोजचं काम. अधूनमधून तो साहेबलोकांसाठी गोल्फच्या काठ्यांची तोंडं घडवायचा. १९०८ सालच्या हिवाळ्यात त्याने मला ऐरणीवर घेतलं. हिकरीच्या लाकडाचा दांडा बसवला, त्याला जवसाचं तेल पाजलं, मुठीला मेंढीचं कातडं गुंडाळलं. मी एडिंबराच्या एका साहेबासाठी होते. साहेब आला, त्याने मला दोनदा हवेत फिरवलं आणि परत दिलं.

"हिचं नाक जड आहे आणि तोंड मिटलेलं आहे," तो म्हणाला. "हट्टी आहे ही."

"वाऱ्यासाठी घडवलीय, साहेब. चेंडू जमिनीलगत नेईल," एबेन म्हणाला.

साहेबाने ऐकलं नाही. एबेनने मला भात्याशेजारच्या खिळ्याला टांगलं. वर्षभर मी तिथे नालांच्या माळेत धूर खात राहिले. जन्माला आल्या आल्या नाकारलं जाणं म्हणजे काय, ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मग एका सकाळी कोळीआळीतली एक पोर वडिलांच्या होडीचा वाकलेला नांगर घेऊन आली. पंधरा वर्षांची, रुंद खांद्यांची, पाठीवर टोपली वाहून वाहून मान जराशी पुढे आलेली. युफेमिया टार्विट तिचं नाव. आळीत सगळे तिला फेमी म्हणत. नांगर तापेपर्यंत तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मला खिळ्यावरून काढलं.

"ठेव ती," एबेन म्हणाला. "साहेबाला ती चालली नाही."

"का? साहेबाला काय झालं होतं?"

एबेनला हसू आलं. फेमी मला घेऊन बाहेर गेली. भिंतीच्या कडेला कुणाचा तरी फाटका चेंडू पडला होता. तिने तो मारला. समुद्रावरून सोसाट्याचा वारा येत होता, पण चेंडू वाऱ्याच्या खालून सरळ गेला आणि बंदराच्या धक्क्याला आपटला. मला पहिल्यांदा कळलं, मी कशासाठी आहे.

"किती?" तिने परत येऊन विचारलं.

"माझ्या बायकोला हिवाळ्यासाठी दोन पिंपं हेरिंग मासे खारवून दे."

"एक."

"दोन."

"दीड. आणि मुठीवर नवं कातडं. हे धुराने कडक झालंय."

अशी मी तिची झाले.

मित्रांनो, गोल्फ हा खेळ तसा साधा आहे. चेंडू काठीने मारत न्यायचा आणि दूरच्या खळग्यात घालायचा. कमी फटक्यांत घातला, तर तो खळगा तुमचा. असे अठरा खळगे. ज्याचे जास्त, तो जिंकला. पिटहेवनचं मैदान गावाच्या मालकीचं होतं, जुन्या हक्काने. साहेबलोकांची न्याहारी आटपेपर्यंत आमचे कोळी तिथे खेळून घेत. बायकाही खेळत. दर नव्या वर्षाच्या दिवशी लग्न झालेल्या विरुद्ध न झालेल्या असा सामना व्हायचा आणि जिंकणाऱ्या बाजूत पहिली येणाऱ्या बाईला नवी टोपली आणि शाल मिळायची. सोळाव्या वर्षी फेमीने ती टोपली घरी आणली. पुढची सहा वर्षं आणली. शेवटी बायकाच म्हणू लागल्या, "अगं, आता हिचं लग्न तरी करून द्या, म्हणजे आमच्या बाजूला येईल."

लग्न ठरलंही होतं. तो मुलगा मोठ्या युद्धात सुरुंग काढणाऱ्या बोटीवर गेला आणि परत आला नाही. त्या वसंतात फेमी रोज पहाटे माझ्यासह मैदानावर यायची आणि एकच फटका मारायची. पुन्हा पुन्हा, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात, हात थकेपर्यंत.

तिच्या हातांविषयी सांगायलाच हवं. उन्हाळ्यात ती हेरिंग पकडणाऱ्या होड्यांच्या ताफ्यामागे किनाऱ्याकिनाऱ्याने जायची. तीन बायकांची एक टोळी असे. दोघी मासे कापायच्या, तिसरी पिंपात मीठ घालून थर लावायची. फेमी मिनिटाला पन्नास मासे कापत असे. हिवाळ्यात घरी वडिलांच्या गळांना शिंपल्यांचं आमिष लावायचं, एका दोरीला बाराशे गळ. सुरी, शिंपले, गळ आणि मीठ. बोटं चिरलेलीच असायची. म्हणून कोळणी पिठाच्या पिशवीच्या पट्ट्या बोटांना गुंडाळत आणि दाताने गाठ मारत. त्याच पट्ट्या बांधून फेमी मला धरायची. मला त्या कापडाची सवय झाली. उघडा हात लागला तर मीच बिचकायचे.

आणखी एक. दोन फटक्यांच्या मध्ये चालताना ती मोजे विणायची. आमच्याकडे कोळीण रिकाम्या हाताने चालत नाही. समोरच्या खेळाडूला मात्र त्या सुयांच्या टिकटिकीने घाम फुटायचा.

ती सत्तावीस वर्षांची असताना बायकांची हौशी स्पर्धा पहिल्यांदाच पिटहेवनच्या मैदानावर येणार असं ठरलं. हौशी म्हणजे पैशासाठी न खेळणाऱ्या. सगळ्या स्कॉटलंडमधून खेळाडू येणार होत्या. स्पर्धेत उतरायचं तर एखाद्या मान्य महिला गोल्फ मंडळाचं सदस्य असावं लागे. गावात असं एकच मंडळ होतं आणि त्याच्या चिटणीस होत्या मिस ऑक्टेव्हिया हेल्केट. टेकडीवरच्या मोठ्या घरात राहायच्या. परगण्यातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूही त्याच. फेमी दर शुक्रवारी त्यांच्या दारात मासे द्यायची. त्या शुक्रवारी तिने टोपली खाली ठेवली आणि विचारलं.

"आमची यादी भरली आहे, युफेमिया," मिस हेल्केट म्हणाल्या.

"कधी रिकामी होईल?"

"हे बघ, तू दर आठवड्याला मासे घेऊन येतेस. छान चाललं आहे की. कशाला बदलायचं?"

"बरोबर आहे तुमचं," फेमी म्हणाली. तिने टोपली पाठीवर घेतली. "बदलायचं तर सगळंच बदलू. पुढच्या शुक्रवारपासून मासे दुसरीकडून बघा."

घरी आल्यावर ती चुलीपुढे बसली. आई, बेथिया, गळ साफ करत होती. शेजारची जेस लमस्डेन आली. जेस म्हणजे फेमीच्या टोळीतली पिंप भरणारी. उंच, लांब हातांची. तेराव्या वर्षापर्यंत शाळेत गेलेली, त्यामुळे आळीतली सगळी पत्रं तीच लिहायची. तिने स्पर्धेचे छापील नियम मिळवून आणले होते आणि ते मोठ्याने वाचले.

"मंडळात निदान बारा सदस्य हवेत. चिटणीस हवी. लेखी नियम हवेत. खेळायला मैदान हवं."

"कुणाच्या मंडळात?" बेथियाने विचारलं.

"कुठल्याही. मान्यता मिळाली की झालं."

बेथियाने गळ खाली ठेवला. "बारा बायका तर आपल्या जिन्यावर बसलेल्या सापडतील. मैदान गावाचं आहे, म्हणजे आपलंच. नियम काय, ते आपण करू. चिटणीस तू."

"आणि अध्यक्ष?"

"मी. मला वाचता येत नाही, पण अध्यक्षाला कुठे वाचावं लागतं?"

जाळी ठेवायच्या माळ्यावर, डांबराच्या वासात, पिटहेवन कोळणी गोल्फ मंडळ स्थापन झालं. सतरा बायका होत्या. मी फेमीच्या गुडघ्यावर आडवी होते आणि सगळं ऐकत होते. पहिला नियम बेथियाने सांगितला, "येणाऱ्या बाईला 'तू कुणाची कोण' असं विचारायचं नाही." दुसरा नियम असा, की सामना चालू असताना मूल रडलं तर सर्वांत जवळ जी असेल तिने घ्यायचं. तेव्हा कुणीतरी बोलता बोलता पाद्रीबाबांचं नाव काढलं. कोळ्यांत ते नाव काढणं अशुभ. सतराच्या सतरा बायका दोष टळावा म्हणून थंड लोखंडाला हात लावायला माझ्याकडे धावल्या. इतक्या हातांचा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

जेसने अर्ज लिहिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, 'नाव नोंदवले आहे.' नियमांत कुठेही असं लिहिलं नव्हतं, की बारा सदस्यांपैकी एकीच्या तरी अंगणात गाडी उभी असावी.

स्पर्धेचा आठवडा आला. मी फेमीच्या पाच काठ्यांपैकी एक होते. बाकी चारही कुणी ना कुणी टाकून दिलेल्या. जेस त्या कॅनव्हासच्या पिशवीत घालून बरोबर चालायची. पहिल्या दिवशी वर्तमानपत्रवाल्यांनी फेमीला 'हेरिंगवाली' म्हटलं. दुसऱ्या दिवशी, तिने ग्लासगोच्या एका नावाजलेल्या खेळाडूला हरवल्यावर, 'मिस टार्विट' म्हटलं. शुक्रवारी ती अंतिम सामन्यात पोहोचली आणि समोर मिस हेल्केट होत्या.

शनिवारी सकाळीसुद्धा फेमी बाराशे गळांना आमिष लावूनच आली होती. वडील म्हणाले होते, आज राहू दे. ती म्हणाली, राहू दिलं तर मासे थांबतील का. सगळी कोळीआळी मैदानावर लोटली. टेकडीवरचे लोकही आले होते. दोन गट दोरीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

मिस हेल्केट सुंदर खेळायच्या, हे मी कबूल करते. सातव्या खळग्यापर्यंत त्या दोनाने पुढे होत्या. मग वारा फिरला, समुद्राकडून यायला लागला, आणि फेमीने मला बाहेर काढलं. नवव्या, अकराव्या, बाराव्या खळग्यावर आम्ही दोघींनी चेंडू वाऱ्याखालून नेले. बाराव्यानंतर बरोबरी झाली.

तेराव्याच्या सुरुवातीला मिस हेल्केट पंचांकडे वळल्या. पंच एक म्हातारे कर्नल होते.

"माझी एक शंका आहे. हातावरच्या त्या पट्ट्या. पकड बसावी म्हणून वापरलेलं साधन नियमांत बसतं का?"

कर्नलने खिशातून पुस्तक काढलं. चष्मा लावला. पानं उलटली. गर्दीतून बायकांचा आवाज वाढू लागला. जेस फेमीच्या कानाशी म्हणाली, "थांब. त्यांना शोधू दे. असं काही लिहिलेलं नाहीय. मी वाचलंय."

"त्यांचं शोधून होईपर्यंत भरती येईल," फेमी म्हणाली. तिने एकेक गाठ दाताने सोडली आणि दहाही पट्ट्या जेसच्या हातात दिल्या. मग दोन्ही हात, तळवे वर करून, कर्नलसमोर धरले. ताजे चिरे होते, मिठाने पांढरे पडलेले. कर्नलने पुस्तक मिटलं आणि दुसरीकडे पाहिलं. मिस हेल्केटनीही पाहिलं, पण एवढंच म्हणाल्या, "चला, खेळू या."

पुढचे पाच खळगे मी तिच्या उघड्या हातात होते. माझं कातडं ओलं होत गेलं. घाम नव्हता तो. सतराव्यापर्यंत बरोबरी टिकली. अठराव्याला तिला लांबचा फटका हवा होता, समोरून वारा, मध्ये ओढा. हाच तो फटका, जो तिने त्या वसंतात हजारदा मारला होता. तिने मला उचललं, खाली आणलं, आणि नेमक्या त्या क्षणी मी तिच्या रक्ताळलेल्या मुठीत जराशी फिरले. केसभरच, पण तेवढं पुरलं. चेंडू ओढ्यात गेला.

एका खळग्याने ती हरली.

मित्रांनो, लोखंडाला लाज वाटत नाही असं म्हणतात. ते खोटं आहे. फेमीने मात्र मला फेकलं नाही. आपल्या झग्याच्या टोकाने तिने माझी मूठ पुसली आणि मला पिशवीत ठेवलं.

मिस हेल्केट हात मिळवायला आल्या. "तू फारच छान खेळलीस, युफेमिया. आमच्या मंडळासाठी अर्ज कर. मी जागा काढते."

"आमच्या मंडळाची यादीही भरलीय, मिस हेल्केट," फेमी म्हणाली. "पण तुम्ही अर्ज करा. तुमच्यासाठी बघते."

दोरीच्या एका बाजूला इतकं हसू फुटलं, की दुसऱ्या बाजूच्या घोड्यांनी कान टवकारले.

पुढच्या वर्षी स्पर्धा पश्चिम किनाऱ्यावर होती, जूनमध्ये. नेमका तेव्हा ताफा लर्विकला, अगदी उत्तरेच्या बेटांवर. हंगामाचा करार झालेला. फेमीने मासे खारवणाऱ्या मालकाकडे आठवडाभराची सुट्टी मागितली. तो म्हणाला, "टोळी तिघींची. दोघींची टोळी मला नको. गेलीस तर तिघीही घरी जाल."

फेमी जेसला म्हणाली, "मी जात नाही. माझ्या खेळासाठी तुमच्या पोटावर पाय नाही देणार."

जेसने घरी पत्र लिहिलं. आठ दिवसांनी बोटीतून बेथिया उतरली. अठ्ठावन्न वर्षांची, दहा वर्षांपूर्वी सुरी खाली ठेवलेली. अंगावर जुना मेणकापडाचा झगा होता आणि बोटांना आधीच पट्ट्या बांधलेल्या. ती थेट मालकापुढे जाऊन उभी राहिली.

"तुला तीन बायका हव्या होत्या ना? मोज."

"म्हातारे, तुला झेपेल का?"

"तुझी आई आणि मी एका टोळीत होतो. ती हळू होती."

मालकाने वहीत तिचं नाव लिहिलं. बेथिया मुलीकडे वळली. "तू काय बघत उभीयस? बोट सुटेल."

फेमी एकटीच गेली, पिशवी खांद्याला लावून. डेकवर मिठाच्या पोत्यांना टेकून आम्ही दोन दिवस काढले. तिथे पोहोचल्यावर इतर खेळाडू क्लबच्या घरात जेवायच्या. फेमी बाहेरच्या भिंतीवर बसून खारी हेरिंग आणि ओटची भाकरी खायची. बोलावलं नव्हतं असं नाही. एक बाई आली होती विचारायला. फेमी म्हणाली, "आभारी आहे. पण माझ्या झग्याला वास येतो, आणि मला तो धुवायचा नाहीय."

अंतिम सामन्यात पुन्हा मिस हेल्केट. जेसने हिवाळ्यात नियम करणाऱ्यांना पत्र घातलं होतं आणि साध्या पट्ट्यांना हरकत नाही असं त्यांचं उत्तर आलं होतं. ते फेमीच्या खिशात होतं. तिने ते काढलं नाही. पहिला फटका मारायच्या आधी ती मिस हेल्केटसमोर गेली आणि पट्ट्या बांधलेले दोन्ही हात पुढे केले.

"बघायचं तर आत्ताच बघून घ्या. तेराव्यापर्यंत थांबू नका."

मिस हेल्केटचा चेहरा लाल झाला. "मला काही म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी एकदाही फिरले नाही. अवघड सामना होता. कधी ही पुढे, कधी त्या. पंधराव्या खळग्यावर फेमीने मला घेऊन गुडघ्याएवढ्या गवतातून चेंडू काढला आणि तो खळग्यापासून हातभर अंतरावर थांबला. सतराव्यावर सामना संपला. ती दोनाने पुढे होती आणि एकच खळगा उरला होता.

मिस हेल्केट जवळ आल्या. 

"मिस टार्विट," त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी मी ते विचारायला नको होतं. तुम्हाला लागलं होतं, ते मला दिसत होतं."

एखादी म्हणाली असती, जाऊ द्या हो, त्यात काय एवढं. फेमी म्हणाली, "नको होतं विचारायला. बरोबर आहे." आणि मग हात पुढे केला. त्या दिवसापासून मिस हेल्केट तिला कधी 'तू' म्हणाल्या नाहीत.

त्यांचा अर्ज त्या हिवाळ्यात खरोखरच जाळ्यांच्या माळ्यावर आला. बायकांनी त्यावर तासभर चर्चा केली. "आमिष लावता येतं का तिला?" बेथियाने विचारलं. येत नव्हतं. दोन वर्षं त्यांना थांबवलं आणि मग घेतलं. नव्या वर्षाच्या सामन्यात त्या लग्न न झालेल्यांच्या बाजूने खेळल्या. थंडीत नाक लाल करून, आळीतलं एक रडकं पोर कडेवर घेऊन त्यांनी तीन खळगे पार केले, कारण नियम म्हणजे नियम.

फेमीने ती स्पर्धा आणखी दोनदा जिंकली. पहिल्यांदा चषक घेऊन आली तेव्हा बंदरातल्या सगळ्या होड्यांनी निशाणं चढवली होती. देशाच्या संघात मात्र तिला कधी घेतलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धेचा अर्ज भरला, एवढंच. मग लंडनच्या एका दुकानाचा माणूस आला. काठ्यांवर तिचं नाव छापायचं, गावोगाव खेळून दाखवायचं, आणि त्याचे चांगले पैसे द्यायचे, असं त्याचं म्हणणं होतं.

"म्हणजे मग मी हौशी राहणार नाही," फेमी म्हणाली.

"पण मासे कापावे लागणार नाहीत."

"मासे मी मालकासाठी कापते. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा त्याचे. त्यानंतर मी जे करते, ते माझं आहे. ते विकलं तर माझ्याकडे काय उरलं?"

तो माणूस मला हातात घेऊन बघत होता. त्याने ओळखलं, की नाक जड आहे आणि तोंड मिटलेलं आहे. "असल्या काठीने कोणी खेळतं का?" तो म्हणाला. फेमीने मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

पुढे पोलादी दांड्यांच्या काठ्या आल्या. चकचकीत, एकसारख्या. लाकडी दांड्याच्या माझ्या बहिणी कुणी चुलीत घातल्या, कुणी टोमॅटोच्या वेलांना आधार म्हणून दिल्या. फेमी चव्वेचाळीस वर्षांची असताना शेवटची स्पर्धा खेळली, माझ्यासह. एकोणीस वर्षांच्या एका मुलीने पहिल्याच फेरीत तिला हरवलं. मुलीने नंतर कौतुकाने विचारलं, की तुम्ही पोलादी काठी का घेत नाही. फेमी म्हणाली, "घेईन, ही मोडली की." मग दुसरं युद्ध आलं. मैदानावर शत्रूची विमानं उतरू नयेत म्हणून खांब रोवले आणि मी सहा वर्षं माळ्यावर सडक्या जाळ्यांखाली पडून राहिले. उंदरांनी माझी मूठ कुरतडली. कुणाला माझी आठवण नव्हती. मी कुणाला दोष देत नाही, पण विसरलेही नाही.

मुठीवर तिसरं कातडं चढलं तेव्हा फेमीची बोटं आखडली होती. चमचा धरायलाही त्रास व्हायचा. तेव्हा एका फार मोठ्या, फार जुन्या क्लबचे एक गृहस्थ आले. त्यांना मी हवी होते. काचेच्या कपाटात, मखमलीवर, खाली पितळी पाटी.

"फार मोठा मान आहे, मिस टार्विट," ते म्हणाले.

"मला कधीमधी येऊन हिला बघता येईल का?"

गृहस्थ जरा चाचरले. "अं... बायकांना आत येता येत नाही. पण गुरुवारी दुपारी बाजूच्या दाराने... तशी काहीतरी सोय करता येईल."

फेमीने मला मांडीवर घेतलं. "मग हिला कशी पाठवू? हीसुद्धा बाईमाणूसच आहे. ही समोरच्या दाराने येणार आणि तुमचे नियम मोडणार. पहिल्यापासून हट्टी आहे."

गृहस्थ चहा न घेताच गेले.

फेमीला जाऊन आता अकरा वर्षं झाली. तिने मला मंडळाला दिलं. मला बंद करायचं नाही आणि जी नवी बाई येईल तिने पहिला सामना माझ्यासह खेळायचा, एवढं तिने सांगून ठेवलं. यंदा नव्या वर्षाच्या दिवशी शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेने मला घेतलं. दहाव्या खळग्यावर तिने जोरात फटका मारला आणि माझ्या मानेपाशी कडकन आवाज झाला. दांड्याला उभी चीर गेली. शिक्षिकेचे डोळे भरून आले. "मी काय करून बसले," ती म्हणत राहिली. बायका गोळा झाल्या. एक म्हणाली, आता पुरे, भिंतीवर टांगू या हिला. जेस लमस्डेन तिथेच होती, ऐंशीला टेकलेली, काठी टेकत आलेली. तिने मला घेतलं, चीर बोटाने चाचपली, खिशातून मेणाचा दोरा काढला आणि वेढे द्यायला सुरुवात केली.

"भिंतीवर कशाला?" ती म्हणाली. "अजून आठ खळगे बाकी आहेत."

आठही खेळलो. तीन जिंकलो.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी असेल. कोपऱ्यात उभं असेल, माळ्यावर पडलेलं असेल, कदाचित चुलीपाशी बसलेलं माणूसही असेल. त्याची दया करू नका, त्याला काम द्या. माझ्यापुरतं म्हणाल, तर फार काही लागत नाही. खेळून झालं की तोंडावरचं मीठ पुसा, वर्षातून एकदा जवसाचं तेल द्या. आणि कोणी येऊन म्हणालं, की आता हिला विश्रांती द्या, तर त्याच्या हाती मला देऊ नका.